फलकावरची एक मोकळी ओळ

भरवेलीच्या खाणीच्या क्लबातला तरुण अधिकारी माझ्या बालाघाटच्या घरी आला आणि चहा यायच्या आतच कामाचं बोलला. "मॅडम, स्क्वॉश कोर्ट फिरसे खोल रहे हैं. पुराने टूर्नामेंट का इतिहास चाहिए. एक पेज बहुत है." कोर्टात इतकी वर्षं मोडक्या खुर्च्या आणि मांडवाचे बांबू ठेवलेले होते. ते बाहेर काढताना लाकडी फलक सापडला म्हणे, विजेत्यांच्या नावांचा. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या रंगात एकाखाली एक वर्षं, प्रत्येक वर्षापुढे एक नाव. खालून तिसऱ्या ओळीत मात्र नुसतं वर्ष होतं, पुढे काही नाही.

"यहाँ किसका नाम आएगा? पेंटर को बताना है."

मी त्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, उत्तर येत असताना वेळ मागून घेणारी पोरं मला लांबून ओळखू यायची. त्या दिवशी मी त्यांच्यातलीच झाले.

माझे बाबा त्या कोर्टाचे मार्कर होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चार भिंतींची एक उंच खोली असते. दोघं जण त्यात शेजारी उभे राहून रबरी बॉल आळीपाळीने समोरच्या भिंतीवर मारतात. बॉल जमिनीवर एकदा आपटला तर चालतो. दोनदा आपटला की मेला, आणि मागच्या भिंतीवरच्या सज्ज्यात उभा असलेला मार्कर ओरडतो, "नॉट अप." कोर्ट झाडायचं, रॅकेटला तारा ओढायच्या, साहेबलोकांना खेळ शिकवायचा, त्यांच्याशी जीव तोडून खेळायचं पण शक्यतो जिंकायचं नाही आणि ते आपसात खेळले की गुण पुकारायचे, ही मार्करची नोकरी. पगार घेऊन खेळतो म्हणून तो प्रोफेशनल, आणि प्रोफेशनलला सभासदांच्या स्पर्धेत नाव घालता यायचं नाही. आमच्या कॉलनीत सगळ्यांचे बाप खाणीत उतरायचे. माझा एकटीचा बाप पांढरी चड्डी घालून कामावर जायचा. त्यावरून चिडवलेलं ऐकून मी भांडणं केली आहेत. बाबा मात्र शांतपणे म्हणायचे, "आपुन प्रोफेशनल आहो."

त्या शब्दाचं त्यांना फार वेड. म्हणूनच त्यांनी नागपूर, जबलपूर आणि कोळसा पट्ट्यातल्या क्लबांच्या मार्करांना पोस्टकार्डं टाकली आणि आपलीच स्पर्धा सुरू केली. हिवाळ्यातले चार रविवार, चार कोर्टं, आठ-नऊ खेळाडू. शेवटचा रविवार भरवेलीचा. फलकावर नाव पडलं 'प्रोफेशनल मालिका', आणि ते पडल्याच्या दिवशी बाबा सायकल हातात धरून पायी घरी आले, रस्त्यात भेटेल त्याला सांगत.

त्या रविवारांची सर मला नंतर कशालाच आली नाही. पाहुणे गोंदियाहून छोट्या रेल्वेने यायचे, खांद्यावर रॅकेटी आणि हातात संत्र्यांची थैली. थंडीत स्क्वॉशचा बॉल मरगळतो, उसळतच नाही. म्हणून आई दोन बॉल फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात घालायची आणि डबा भाताच्या गरम गंजाला टेकवून ठेवायची. सामन्याची वेळ झाली की तो डबा मी शालीत गुंडाळून कोर्टावर न्यायची. भरवेलीत जिंकणाऱ्याचं नाव फलकावर चढायचं आणि त्याला कपासोबत रामपायलीच्या मामाच्या शेतातल्या चिन्नोर तांदळाचं पोतं मिळायचं. त्या तांदळाचा सुवास सज्ज्यापर्यंत यायचा आणि अर्धे खेळाडू त्या पोत्याकडे बघतच खेळायचे.

मालिकेला एकच पक्का नियम होता. मार्करने जे पुकारलं ते पुकारलं. कोणी वर बघून हात उडवायचा नाही, काही विचारायचं नाही, नंतरही त्यावर बोलायचं नाही. बिचाऱ्यांचा सगळा जन्म साहेबांकडून "दिसत नाही का तुला" ऐकण्यात गेलेला. निदान आपल्या चार रविवारी तरी मार्करचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नियम बाबांचाच.

बाबांनी बाहेरच्या कोर्टांवर बऱ्याच वेळा बाजी मारली, पण घरच्या कोर्टावर कधी जिंकले नाहीत. दरवर्षी अंतिम सामन्यात नागपूरचे काका आडवे यायचे. काका म्हणजे नागपूरच्या एका क्लबाचे मार्कर, बाबांचे जिवाभावाचे दोस्त, अंगाने काटकुळे आणि पायाने हरीण. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबांचा गुडघा बोलायला लागला होता. हे शेवटचं वर्ष, हे आमच्या घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. आणि अंतिम सामना पुन्हा त्या दोघांचाच.

तिसऱ्या नंबरवर आलेल्याने मार्करी करायची अशी रीत होती. त्या वर्षी तो माणूस तापाने फणफणला, बाकीचे कोणी ना कोणी बाबांचे नाहीतर काकांचे चेले. तेव्हा काकाच म्हणाले, "पोरगी करन ना. तिचा आवाज साफ आहे." बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "कर वं. जे दिसन ते सांगजो."

मी वर गेले. आजही डोळे मिटले की तो चुन्याचा वास येतो. पाचव्या गेमपर्यंत खेळ गेला. तेव्हा नऊ गुणांचा गेम असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. तो चुकला तर 'हँड आउट', म्हणजे गुण तसेच, फक्त सर्व्हिस दुसऱ्याकडे, आणि पुकारताना त्या दुसऱ्याचे गुण आधी. आठ-सात, सर्व्हिस बाबांची. एक गुण हवा होता. काकांनी बॉल हळूच डाव्या कोपऱ्यात टाकला. बाबा त्या गुडघ्यावर धावले, जवळजवळ आडवे झाले आणि रॅकेट खाली घालून बॉल उचलला. तो समोरच्या भिंतीला लागून परत आला. काकांनी मारलाच नाही. ते थांबले होते, कारण बॉल रॅकेटवर येण्याआधी दोनदा आपटला होता. मी पाहिलं होतं. टप टप, ऐकलंही होतं.

काकांनी वर बघितलं. बाबा अजून जमिनीवरच होते, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "नऊ-सात. गेम आणि मॅच."

आवाज साफ होता माझा. काकांनी मान खाली घातली, बाबांना हात देऊन उठवलं आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

घरी जाताना पोतं सायकलच्या कॅरिअरवर होतं. कॉलनीच्या वळणावर बाबांनी विचारलं, "बॉल कसा होता वं?"

"चांगला होता."

"हौ?"

"हौ."

नियमाबाहेर त्यांनी विचारलेला तो एकच प्रश्न. दुसऱ्या दिवशी पेंटर आला तर त्याला म्हणाले, वर्ष लिही, नाव राहू दे. पुढच्या रविवारी पोतं घेऊन नागपूरला गेले, तारा आणायच्या आहेत म्हणून. संध्याकाळी परत आले ते अर्धं पोतं घेऊन. आई चिडली, "दोस्ताले द्याचं होतं त पूर्ण द्याचं, असं अर्धं काहून?" बाबा हसले आणि गुडघ्याला तेल चोळत बसले. त्यानंतर ते मालिकेत खेळले नाहीत. दोन वर्षांनी मालिकाही संपली. खेळणारे साहेबच उरले नाहीत, तर मार्कर कुठून राहणार?

मी मनाशी हिशेब लावून ठेवला होता. बाबांना वाटतंय, आपणच 'नॉट अप' म्हणायला हवं होतं. त्या लाजेपायी त्यांनी ओळ मोकळी ठेवली. माझ्या खोट्याची लाज त्यांनी अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. पुढे वर्गात पोरांच्या चुकांवर लाल पेन चालवताना कधीकधी हात जड व्हायचा. बाबा गेले तेव्हाही सांगितलं नाही. त्यांच्या उशाशी बसून तीन दिवस होते, वेळ भरपूर होता.

आता अधिकाऱ्याला नाव हवं होतं. बाबांचं सांगितलं असतं तर कोण विचारणार होतं? खरं सांगते, कागदावर मी ते लिहूनही टाकलं होतं. मग तो कागद पर्समध्ये घालून गोंदियावरून नागपूरला गेले.

काका मुलाकडे राहतात. दुपारची वेळ, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. कान गेलेत थोडे, डोळे मात्र अजून तेज. मी फोटो दाखवला. त्यांनी मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे अजून तसंच आहे काय?"

"काका, बाबांनी नाव काहून नाही लिहू देलं?"

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "तुया बाप तांदूळ घेऊन आलता. म्हणे, बॉल दोनदा पडला, हे पोतं तुयं. मी म्हटलं, मले काय दिसलं नाही काय? पण पोरीनं पुकारलं ना. नियम तूच केला. अर्धं अर्धं केलं मंग. तुई काकू तवा होती, तिनं त्याच तांदळाचा भात टाकला."

"मग नाव?"

"मी म्हटलं, लिही तुयं. तो नाही म्हणे. मी म्हटलं, मंग पोरीले सांग ना, चुकली म्हणून. त्यावर म्हणे, आज मी तिले खोटं पाडलं त ती पुन्हा कुठंच तोंड उघडणार नाही. तिचं तिले बोलू दे. ती बोलन तवा लिहू."

"त्या दिवसानंतर पुन्हा कधीच विचारलं नाही त्यांनी मला."

"कसा इचारन? मार्करले इचारत नाहीत."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ती ओळ त्यांच्या लाजेची नव्हतीच. माझ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती ती, आणि मी तिला इतकी वर्षं भीत होते. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

पाणी प्यायले, पदराने तोंड पुसलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. बसून पुकारायचं नसतं, बाबांनी शिकवलं होतं.

"नॉट अप," मी म्हटलं. "हँड आउट. सात-आठ."

आवाज साफ नव्हता. आतून सून बघायला आली. काकांनी मात्र मान डोलवली, हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला आणि मूठ वळली, रॅकेट धरतात तशी.

"म्हणजे सर्व्हिस मायी," ते म्हणाले.

पर्समधला कागद मी गाडीत फाडला. आठवड्याने अधिकारी आला तेव्हा त्याला इतिहासाचं पान दिलं आणि पेंटरसाठी वेगळी चिठ्ठी. त्या वर्षापुढे लिहायचं होतं: 'पाचवा गेम, सात-आठ, सर्व्हिस नागपूरची.' त्याने ते दोनदा वाचलं.

"लेकिन मॅडम, जीता कौन?"

मी त्याला सांगितलं की या मालिकेत मार्करला विचारायचं नसतं, आणि चहा ठेवायला आत गेले.