शेततळ्यातलं गलबत

मी जालन्यात दातांचा दवाखाना चालवतो आणि रविवारी जहाजं बांधतो. लाकडाची, हातभर लांबीची. आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस प्रवासात जातो, त्यामुळे हा छंद ऐकून लोक आधी हसतात आणि मग काळजीने माझ्या बायकोकडे बघतात.

सुरुवात माझ्या पाठदुखीने झाली. खुर्चीवर वाकून काम करायचं कमी करा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी संध्याकाळचे पेशंट बंद केले आणि मोकळ्या वेळात काय करावं म्हणून लाकडी जहाज जुळवायचा एक संच मागवला. तेही वाकूनच करायचं काम निघालं. पण तोवर गोडी लागली होती. दात कोरायची बारीक हत्यारं, चिमटे, घासायचे कागद, सगळं दवाखान्यात होतंच. जहाजाच्या फळ्या गरम पाण्यात भिजवून वाकवाव्या लागतात, त्यासाठी घरचं एक पातेलं मागच्या खोलीत आलं ते परत गेलं नाही.

शेठ या नादाला लागले ते माझ्याच खुर्चीत. त्यांचं सराफ्याच्या बाजूला कापडाचं दुकान आहे, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच. दाढेचं काम चालू असताना त्यांना मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. तोंडात कापूस होता. ते बोट दाखवून ऊं ऊं करायला लागले. दुखतंय असं समजून मी आणखी एक इंजेक्शन दिलं. काम आटोपल्यावर अर्धा ओठ बधिर अशा अवस्थेत ते म्हणाले,

"डॉक्टरसाब, मी दुखतंय म्हणत नव्हतो. मागं काय बांधून राह्यले ते इचारत होतो."

पुढच्या रविवारी ते शिडांसाठी पांढऱ्या मलमलीचा ताका घेऊन हजर झाले. त्या ताक्यात आरमार उभं राहिलं असतं.

तिसऱ्या बाई. वाटूरजवळ त्यांचं शेत आहे, मोसंबीची बाग आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झालेल्या. नवऱ्याच्या कवळीचं माप द्यायला आल्या होत्या. काका खुर्चीत आ करून बसलेले, बाई मागच्या खोलीत जाऊन उभ्या.

"हे इकत भेटतं का करावं लागतं?"

"करावं लागतं," मी म्हणालो.

"मंग मला शिकवा. यांच्या कवळीला अजून दोनदा यायचंच हाये."

अशी आमची तिघांची मंडळी जमली. रविवारी दुपारी दवाखान्यात बसायचं, डिंकाने बोटं चिकटवून घ्यायची आणि भांडायचं. शेठना जुन्या मराठी आरमारातलं गलबत करायचं होतं, तेही संच न मागवता, सागवानी पट्ट्या स्वतः कापून. दोन वर्षं लागली. मी काही जहाजं पूर्ण केली, बाईंनी एक होडी केली, शेठ मात्र त्या एकाच गलबतावर. त्याच्या दोऱ्या त्यांनी दुकानात गिऱ्हाईक नसताना वळल्या, आणि गिऱ्हाईक असतानाही वळल्या, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं.

गलबत पूर्ण झालं तेव्हा त्यांनी ते दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. दिवाळीला जोधपूरहून व्याही आले. त्यांनी पेटीभोवती फेरी मारली, वाकून बघितलं, आणि विचारलं, हे पाण्यात चालतं का?

शेठना ते फार लागलं. रविवारी आल्या आल्या म्हणाले, "गलबत पाण्यात सोडायचं."

मी सांगून बघितलं की ही जहाजं मांडून ठेवायची असतात, रंग उडेल, शिडं खराब होतील. शेठ ऐकेनात. बाईंनी तर वादच मिटवला.

"आमचं शेततळं भरलेलं हाये. कवा येता बोला."

गाडी मी चालवली. शेठ मागे बसले, मांडीवर गलबत, आणि गलबतावर अंगावरची शाल. वाटूर फाट्यावर चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून बघितलं, चप्पल काढली आणि हात जोडले. कोणत्या देवाचं आहे, असं त्यांनी विचारलं. शेठ खोटं बोलत नाहीत, पण त्यांना त्या बाईंचं मनही मोडवेना. "समुद्राचं हाये, माय," एवढंच म्हणाले.

शेतावर काकांनी आधी कायदा सांगितला. तळ्याला खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, ते शेवाळाने गुळगुळीत, आत गेलेला माणूस वर येत नाही. म्हणून काहीही झालं तरी पाण्यात कुणी उतरायचं नाही. कवळी निसटेल म्हणून ते शब्द मोजून बोलत. आम्ही माना डोलावल्या. शेठनी नारळ फोडला, काठावर पालथं पडून दोन्ही हातांनी गलबत पाण्यावर ठेवलं आणि हात काढले.

गलबत सावकाश, अगदी आदबीने, आडवं झालं.

शेठनी ते झटकन उचललं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोन वर्षं ज्याची दोरी न दोरी ओढून ताणून बसवली, ते आडवं पडलं होतं, आणि तेही काठालाच.

"पोटात वजन न्हाई त्याच्या," काका म्हणाले. ते ट्रॅक्टरच्या पेटीतून एका जुन्या बेअरिंगचे छर्रे घेऊन आले. गलबताच्या मधोमध एक चौकोनी झाकण होतं, बोट जाईल एवढं. त्यातून छर्रे आत सोडले. आता गलबत उजवीकडे पडलं, कारण छर्रे उजवीकडे घरंगळले. शेठनी सरळ केलं तर ते डावीकडे पडलं. आत छर्ऱ्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मला हसू आवरेना, आणि हसलो तर शेठ आयुष्यात बोलणार नाहीत हेही कळत होतं. मी मोसंबीच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिलो.

बाई घरात गेल्या. आल्या त्या परातीसकट. आमच्या जेवणासाठी भिजवलेली कणीक तिच्यात होती.

"छर्रे काढा बाहेर," त्या म्हणाल्या.

त्यांनी एकेक छर्रा कणकेत घोळवला आणि लांबट गोळ्या करून काडीने आत सारल्या, तळाशी दाबून बसवल्या. शेठ बघत राहिले. शेवटी त्यांनीही बाह्या सरसावल्या.

या वेळी गलबत उभं राहिलं. जरा डुललं, मग शिडात वारा भरला आणि ते निघालं. खरोखर निघालं. मलमलीची शिडं फुगली, पाण्यावर मागे बारीक रेघ उमटली. मी फोनवर त्याचा व्हिडिओ घेत राहिलो. शेठचे डोळे भरून आले होते. मी जितकी जहाजं बांधली त्यातलं एकही हलताना मी पाहिलं नव्हतं, आणि तसं कधी मनातही आलं नव्हतं.

ते तळ्याच्या मध्यावर गेलं, वारा पडला, आणि तिथेच थांबलं.

तासभर आम्ही वाऱ्याची वाट बघितली. जेवण व्हायचं होतं, कणीक गलबतात होती. भूक लागल्यावर काकांनी ठिबकची लांबलचक नळी आणली. एक टोक मी धरलं, दुसरं शेठनी, आणि समोरासमोरच्या बांधांवरून आम्ही चालू लागलो. पाण्यावर तरंगणारी नळी गलबताला हळूहळू काठाकडे ढकलत नेत होती. दोघांचीही पोटं सुटलेली, बांध अरुंद, आणि काका मध्येच ओरडत, "शेठ, जल्दी नका करू, बराबर चाला." गलबत काठाला लागलं तेव्हा वरची एक काठी मोडली होती आणि आम्हा दोघांना धाप लागली होती.

दुपारचं जेवण म्हणून आम्ही भात आणि मोसंब्या खाल्ल्या. शेठनी व्याह्यांना तिथूनच तो व्हिडिओ पाठवला.

आठवड्याभराने शेठचा फोन आला. दिवाणखान्यात वास येऊन राह्यला आणि पेटीत मुंग्या झाल्या, घरच्यांनी गलबत गॅलरीत ठेवायला सांगितलं. रविवारी ते घेऊन आले. कणीक आत फुगून आंबली होती, दोन फळ्यांच्या फटी सुटल्या होत्या. दुसरा इलाज नव्हता, वरचं छत उघडावं लागणार होतं. मी दिव्याखाली गलबत ठेवलं, हत्यार हातात घेतलं आणि शेठकडे बघितलं.

"करा," ते म्हणाले. "फक्त माझ्या दाढेला केलं तसं नका करू. आधी इचारा."

बाईंनी नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने चिमटा उचलला. मी विचारत विचारत एकेक फळी सोडवत गेलो आणि शेठ त्या क्रमाने टेबलावर मांडत गेले.