यिशुनच्या कॉरिडॉरमधून दिसलेला गुरू

पुण्याहून परदेशात, आमच्या यिशुनच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या सासूबाईंचं एकच पालुपद होतं: नणंदेला गुरुबळ नाही, म्हणून लग्न अडलंय. माझं डोकं उठलं. चारशे वर्षांपूर्वी एका इटालियन माणसानं दुर्बिणीतून गुरूचे चंद्र शोधले, तेव्हा म्हणे काही पंडितांनी दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला. सासूबाईही तेच करणार, अशा खात्रीनं मी संध्याकाळी दाराबाहेरच्या उघड्या कॉरिडॉरमध्ये लेकीची दुर्बीण मांडली.

"बघा तुमचा गुरू."

त्यांनी पदर खोचून लगेच डोळा लावला.

"शेजारी ठिपके कसले गं?"

"त्याचे चंद्र. चार."

"अगंबाई! याचाच एवढा संसार! हा कधी बघणार आमच्या पोरीकडे?"

आणि तिथूनच नणंदेला फोन लावला. "गुरूचं सोड. तुला कोण आवडतो, ते सांग."