पेज पितात की जेवतात?

मी आयुष्यात मालिकेच्या एकाच भागाचं परीक्षण लिहिलं, आणि त्यानंतर सासुरवाडीत माझ्यापुढचं ताट गेलं.

त्या मालिकेचं थोडं चित्रीकरण हळर्णला, पेडणे तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीच्या गावी, झालं. गावाने कमान उभारली, कॅमेऱ्यासमोर नारळ फोडला आणि नायिकेला शाल पांघरली. (मे महिन्यात!)

"अहो, चला ना बघायला," बायको म्हणाली.

"असल्या जत्रेला मी येत नाही."

ती एकटीच गेली. परत आल्यावर चित्रीकरणाबद्दल एक अक्षर बोलली नाही. माझं तत्त्व तिला पटलं, असा मी अर्थ लावला.

तो भाग लागणार होता त्या संध्याकाळी ती पुन्हा माहेरी. तिथून फोन आला, "नक्की बघा हां! सगळा बघा!" मी पेडण्याच्या घरी वही-पेन घेऊन तयारच होतो. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून म्हापशाच्या एका साप्ताहिकाने माझ्याकडे परीक्षण मागितलं होतं. शिक्षकाला कुणी चुका शोधायला सांगितल्या की त्याचं वय दहा वर्षांनी उतरतं.

नायिका तीनदा रडली, पार्श्वसंगीत पाचदा. मग ती घर सोडून निघाली, आणि दारातून कुणी म्हातारी म्हणाली, "पेज जेवल्याबगर जाव नको गो बाय!" माझी मान वहीत. आवाज ओळखीचा वाटला; पण मालिकांतल्या म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच बोलतात, असं म्हणून मी लिहीत राहिलो. वर पाहिलं तेव्हा साबणाची जाहिरात लागली होती.

परीक्षण पदवीसकट छापून आलं. शेवट मला विशेष आवडला होता: 'पेज पितात, जेवत नाहीत. संवादलेखकाने पेडणे नकाशावरही पाहिलेलं नसावं. दारातली म्हातारी मुंबईहून आणलेली आहे, हे तिच्या पदर घेण्यावरूनच कळतं.' (पदर मी पाहिलाच नव्हता. परीक्षणात एवढं चालतं.)

दोनच दिवसांत, सकाळीच, मेहुण्याचा, सुरेशचा, फोन. "भावजी, म्हातारी मुंबयची?"

"कुठली म्हातारी?"

"दारातली! आमची आई ती!"

मी पलंगावर बसलो. "आणि तो संवाद?"

"त्यांनी दिलेला वाक्य आई इसारली. मगे तोंडाक इला ता बोलली."

पाठोपाठ बायको फोनवर आली. "तुम्हाला कौतुक वाटेल म्हणून आम्ही लपवलं होतं. दोन दिवस उन्हात उभी होती ती! आता शेजारणी विचारतात, मुंबईला कधी जातेस? ती दाराबाहेर पडत नाही. येऊन तिची समजूत काढा, नाहीतर मी इथेच राहते."

रविवारी दहाच्या सुमारास मोटारसायकलने हळर्ण गाठलं. वाटेत माफीचं भाषण तीनदा दुरुस्त केलं.

"आई, माझं चुकलं," एवढंच त्यातलं आठवलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. (या वेळी मी नीट पाहिला.) "तुमचा कसा चुकतला, मास्तर? तुमी शिकलेले. बसा."

पेजेची वेळ होती. सुरेशपुढे खोल ताट आलं, चमचा आला, मिठातली कैरी आली, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, खोबरं घालून कालवलेली किसमूर आली. बायकोपुढेही तेच. माझ्यापुढे एक स्टीलचा ग्लास.

"आई, हे…?"

"तुमी पितात मा?"

सुरेशला ठसका लागला. बायको कैरीकडे बघत राहिली.

मला एकदम वर्गातल्या वह्या आठवल्या. 'सकाळी पेज जेवून शाळेत आलो,' असं मुलं लिहायची आणि मी 'जेवून'खाली लाल रेघ मारायचो. तीस वर्षं. त्यांच्या घरी काय बोलतात हे त्यांना माहीत होतं; मला फक्त काय लिहितात तेवढं माहीत होतं. एकानेही कधी वाद घातला नाही. बहुधा त्यांनाही वाटलं असेल, मास्तर मुंबईहून आणलेत.

मी ग्लास तोंडाला लावला. वरचं पाणी आलं, शितं तळाशीच बसली. ग्लास उलटा केला, बुडावर थापट्या मारल्या. ती काही हलेनात. सासूबाई शांतपणे बघत होत्या. शेवटी बोटं आत घातली आणि शीत न् शीत काढून खाल्लं.

"झाली पिऊन?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई," मी म्हणालो. "जेवलो."

त्यांनी उठून माझ्यापुढे ताट ठेवलं. चमचा मात्र दिला नाही.