मागणी योग्य आहे

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत ठाण्यात कॉलेज नव्हतं, म्हणून मी मुंबईला शिकायला जायचे. तिथल्या कॉलेजच्या जिमखान्याचे कारकून ठाण्यात आमच्याच आळीत राहत. कोणताही अर्ज ते ओळीखाली बोट फिरवत दोनदा वाचत आणि संथपणे म्हणत, "मागणी योग्य आहे. मंजूर होणार नाही." त्यात कुत्सितपणा नसे.

जिमखान्याची फी मुलामुलींना सारखीच होती. क्रिकेटवाल्यांना दरवर्षी नवे बूट मिळत. आम्ही धावणाऱ्या चौघी अनवाणी. एका वर्षी पुण्याच्या स्पर्धेसाठी आम्ही फक्त प्रवासखर्च मागितला. तो नाकारला गेला आणि आमचं जाणं राहिलं. कारकुनांनी आपणहून तो अर्ज साहेबांपुढे तीनदा ठेवला होता, हे मला नंतर शिपायाकडून कळलं.

त्यांची धाकटी मुलगी शाळेत सगळ्यांच्या पुढे धावायची. तिची मॅट्रिक झाली तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "काका, हिला आमच्या कॉलेजात घाला. मी हिला रोज मैदानावर नेईन."

मुलगी दारातच उभी होती. तिच्याकडे न बघता ते चष्मा पुसत राहिले.

"अगं, मुलींच्या वाट्याला काय येतं ते दरवर्षी मीच लिहितो. हिला कशाला आशेला लावू?"

जूनमध्ये त्यांनी तिला शिवणाच्या वर्गात घातलं. ती हट्ट न करता गेली. मी मैदानावरून परतायचे तेव्हा ती खिडकीत उभी असायची. मी दिसले की ते उठत आणि खिडकी लावून घेत.