समोरचं पोतं

मी निघाले तेव्हा आंब्याची तोडणी ऐन भरात होती. रिक्षा खळ्यात उभी, बॅग आत ठेवलेली, आणि बाबांचे हात चिकानं काळे. त्यामुळे त्यांनी मला जवळसुद्धा घेतलं नाही, कोपरानंच खांद्याला ढकललं. "जा गो बाय, हितं काय ठेवलंय," म्हणाले. पडवीत माझ्या पोत्यावर आंब्यांची अर्धी लावलेली ओळ तशीच राहिली. रत्नागिरी स्टेशनापर्यंत मी रडले नाही. पुढे पनवेलपर्यंत रडायला वेळच वेळ होता.

आमच्याकडे आंबे लावायची पद्धत बाबांच्या हट्टातून आली होती. बाकीचे बागायतदार नजरेनं तीन-चार ढीग करून मोकळे होत. बाबांना पेटीच्या एका थरात एकसारखंच फळ हवं असे. म्हणून आई, बाबा आणि मी आपापल्या पोत्यावर मोठ्यापासून लहानापर्यंत छोटी ओळ लावायचो. मग दोघांनी समोरासमोर बसायचं, दोन्ही ओळींच्या तोंडचे आंबे बघायचे, मोठा असेल तो उचलून नव्या ओळीत ठेवायचा. मग त्या ओळीशी तिसऱ्याची ओळ जोडायची. फळ फार हाताळलेलं बाबांना खपत नसे. "कुरवाळू नको, काळं पडंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता स्वीडनमधल्या ऑफिसात मी नव्या मुलांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यात यादी जागच्या जागी बदलता येत नाही; क्रमानं लावलेली हवी तर नवी बांधायची. क्रम लावायच्या रीतींपैकी मुलांना क्विकसॉर्ट आवडतो, कारण तो दोन-तीन ओळींत लिहिता येतो आणि दिसतो देखणा: पहिला आकडा धरा, लहान एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला, मग दोन्हीकडे पुन्हा तेच. मी त्याला आधीच क्रमानं लागलेली यादी देते आणि सगळे आकडे एकाच बाजूला पडून होणारी त्याची दमछाक दाखवते. मर्जसॉर्टला यादी कशीही आली तरी फारसा फरक पडत नाही: अर्धी-अर्धी करा, लावा, तोंडं बघत जोडा. इन्सर्शन सॉर्ट सगळ्यात साधा. एक घ्या, ओळीत त्याची जागा शोधा, घाला, पुढचं घ्या. यादी लांबली की त्याचं काम संपता संपत नाही. एका मुलीनं विचारलं, हे तू पहिल्यांदा कुठं शिकलीस? मी कॉलेजचं नाव सांगितलं.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढच्या हंगामात व्हिडिओ कॉल केला, तर पडवीत तिन्ही पोती अंथरलेली. आई आपल्या पोत्यावर ओळ लावायची, गुडघ्याला हात देऊन उठायची, बाबांच्या पोत्यावर बसून त्यांची लावायची, मग माझी. मी म्हटलं, एकटीच आहेस तर एकच ओळ धर, एकेक आंबा त्यात घालत जा.

"तुमची पोती काय रिकामी ठेवू?" ती म्हणाली.

मशीनसुद्धा मर्जसॉर्ट एकटंच करतं, पण मशीनला गुडघे नसतात. डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसू नका म्हणून बजावलं होतं. इकडे ये म्हटलं तर कलमं कोण बघणार; कलमं दुसऱ्याला दे म्हटलं तर ती बाबांनी लावलेली. दर चैत्रात आमचं हेच भांडण. गेल्या वर्षी एका पोत्यावरून दुसऱ्याकडे जाताना ती पडली आणि खुबा मोडला. शेजारच्या सुलभाकाकी आमसुलं मागायला आल्या म्हणून कळलं तरी. मी गेले, रजा संपेपर्यंत राहिले आणि परत आले. परत म्हणजे कुठून कुठे, हे तुमच्यापैकी बाहेर राहणाऱ्यांना तरी नक्की सांगता येतं का?

यंदा आईनं फळ झाडावरच व्यापाऱ्याला दिलं. त्याची माणसं तोडतात, टेम्पोत भरून शेडवर नेतात, तिथं मशीन वजनावर आंबे वेगळे करतं. आई खुर्चीत बसून बघते. ऐकून मला बरं वाटलं, जिवाचा घोर गेला. पडवी दाखव म्हटलं तसा तिनं फोन फिरवला. झाडलेली, मोकळी पडवी. पोती कुठं गेली, मी विचारलं.

"त्या मानसांनी मागितली, दिली," ती म्हणाली. "आता तू काय यायची नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं कोणी घराबद्दल विचारलं की मी समुद्र, लाल माती असलं काहीतरी सांगायचे. ते खोटं होतं. मी नसतानाही माझी जागा अंथरून ठेवणारं एक माणूस, एवढंच माझं घर होतं, आणि ते माणूस आता थकलं आहे.