निळ्या कागदामागची अक्षरं

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी सरळ चहा ठेवायला उठते. विश्वासच नाही... म्हणजे नव्हता. तरीही हे लिहितेय, कारण ते माझ्यासमोर घडलंय.

सत्तरच्या दशकाचा शेवट. आम्ही कराडशेजारी मलकापूरला राहायचो. आमचे हे फौजेत सिग्नलला होते. रिटायर झाल्यावर टीव्ही घेतला आणि गच्चीवर भली उंच अँटेना उभी केली — तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही! सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, नजर काचबिंदूनं जवळजवळ गेलेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तेवढी नजर तरी जपा, असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आईच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून ह्यांनी टीव्हीच्या काचेवर निळा प्लॅस्टिकचा कागद लावला, आणि अंधारात पडद्याचा उजेड टोचू नये म्हणून मागे झिरोचा बल्ब.

त्या दिवशी तिन्हीसांजेला वारं सुटलं. चित्र हलायला लागलं आणि लाईटच गेली. "लाईट येईपर्यंत अँटेनाचा पाईप आवळून येतो," म्हणत हे गच्चीवर चढले. मी कंदील शोधत होते.

"आगं, झिरोचा दिवा लाव की. लय उजेड येतोय डोळ्यावर," आत्या म्हणाल्या.

"आवं आत्या, लाईट गेलीया. टीव्ही बंद हाय."

"मग ही अक्षरं कशाची?"

मी बघितलं. काळा पडदा, बाकी काही नाही. आत्या मात्र डोळ्यांवर हात आडवा धरून, शाळेतल्या पोरीसारखं अक्षर अक्षर लावत होत्या. "खा... ली... उ... त... र..." आणि एकदम किंचाळल्या, "आगं, हाक मार त्याला!"

मी अंगणात धावले. "आवं, खाली या! आत्यांना कायतरी होतंय!"

हे बडबडत शिडी उतरले. दारात पाय ठेवला असेल-नसेल, लाईट आली. आणि वर असा कडकडाट झाला... देवा! वाऱ्यानं विजेची तार तुटून अँटेनाच्या पाईपवर पडली होती. अंधारात ह्यांना दिसलीच नव्हती. मघाशी त्याच पाईपला धरून उभे होते हो! ह्यांच्या हातातला पाना काही सुटेना.

सकाळी मी खिडकी उघडली. ऊन थेट आत्यांच्या तोंडावर आलं.

"आजून उजाडलं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

मला रडूच फुटलं.

काचबिंदूत असं होतं, डॉक्टर म्हणाले. होत असेल. पण बंद टीव्हीवर अक्षरं कुठून आली? मला आजही कळलेलं नाही. आत्यांना विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "जाऊ दे गं. माझं पोरगं खाली आलं न्हवं?"