खडूची मासोळी

डुबकीचाचा बॅटरी मरायची वाट पाहत बसायचा. शेलूबाजारात स्टँडमागं त्याचं टिनाचं दुकान. डबे, कंदील, फवारणीचे पंप झाळून द्यायचा. दुकानापुढं पाण्यानं भरलेला अर्धा ड्रम, ड्रमात बुडवलेला पेटता दिवा, अन त्याच्यासमोर पालथ्या बादलीवर चाचा. तेही भर दुपारी. कोणी विचारलं, "काय करून राह्यले चाचा?" तर मान न उचलता म्हणायचा, "हिचा दम पाहून राह्यलो."

त्याचा स्वतःचा दम आख्ख्या भागात माहीत होता. कोणाच्या विहिरीत बादली पडली, पंपाच्या पाइपाच्या बुडाचा फुटवॉल गाळात फसला, की चाचाला बोलावणं यायचं. आम्ही काठावर आकडे मोजायचो, आमचेच श्वास संपायचे अन हा खालीच. पण गढूळ पाण्यात दम असून काय उपयोग, दिसायला तर पाहिजे. म्हणून त्यानं दिवा बनवला. लोणच्याची बरणी, आत जीपचा बल्ब, झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर, वरून मेण. बरणी दोरानं खाली सोडायची, वायर वर काठावरच्या बॅटरीला.

आता बॅटरी कोणती, यात त्याचं एक वर्ष गेलं. टॉर्चचे सेल त्यानं पहिल्याच महिन्यात सोडले. "हे लग्नातले पाहुणे होत. एकडाव जेवले का गेले. पुन्हा भरता येत नाहीत." मग मोटारसायकलची बॅटरी आणली. लांब वायरीत तिचा जीव जायचा, बल्ब बिडीसारखा लाल. मग जीपवाल्यांच्या जुन्या बॅटऱ्या. डायव्हर लोक आणून द्यायचे, "पाहा चाचा, काय फक्कन पेटते." चाचा पेटण्याकडं पाहायचाच नाही. "पेटतानी सगळ्याच हासतात बे. मरतानी पाह्य." एक अर्ध्या तासात गेली, एक तासाभरात. शेवटी एक काळी, कोपरा फुटलेली बॅटरी दुपारी जोहरच्या नमाजाला लावली, ती उन्हं कलून असरची अजान झाली तरी जळत होती. चाचानं तिला अंगोछ्यानं पुसलं. "हे माही."

गॅरेजातून भरून आणली की तो तिच्यावर खडूनं मासोळी काढायचा. शेपटी वाकडी, डोळ्याच्या जागी आडवी रेघ. वापरली की ओल्या हातानं पुसून टाकायचा. मासोळी दिसली म्हणजे पोट भरलेलं, एवढाच हिशेब.

मी बाजूच्याच गल्लीतला. मला सगळे नकल्या म्हणायचे. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, दुधासाठी ओरडणारं बकरीचं पिल्लू, सगळ्यांचे आवाज काढायचो. सगळ्यात चांगला निघायचा चाचाचा. दम कोंडल्यासारखं बोलायचं, मधेच थांबायचं, मग एकदम श्वास सोडायचा. चाचाच म्हणायचा, "माहा आवाज काढ बरं," अन डोळ्यात पाणी येईस्तोवर हसायचा.

त्या वर्षी शाळेच्या मैदानावर गॅदरिंग होतं अन माझी नक्कल शेवटची. ऐन वेळी माईकवाल्याची बॅटरी बसली. चाचा भाचीच्या लग्नाला मंगरूळला गेलेला. त्याच्या ओसरीत ती काळी बॅटरी, वर मासोळी. मी सायकलच्या क्यारेजवर घातली अन नेली. चाचाच्याच बॅटरीवर चाचाची नक्कल केली, लोक बाकं बडवत होते.

सकाळी परत ठेवायला नेली तर मासोळी माझ्या शर्टाला पुसली गेलेली. मला वाटलं, आज कोण बोलावतं त्याला, संध्याकाळी गुपचूप भरून आणू. कोनाड्यातला खडू घेतला अन मासोळी काढली. वाकडी शेपटी, आडवी रेघ. चाचालाही फरक कळला नसता. खरं सांगतो, मला त्या मासोळीचं कौतुक वाटलं.

चाचा सकाळच्या जीपनं आला अन त्याच पावली अनसिंगकडच्या एका माणसासोबत फुटवॉल काढायला गेला. मी पानठेल्यावर कालची तारीफ ऐकत उभा होतो. दोन बुड्या नीट झाल्या म्हणे. तिसरीत चाचाचा डावा हात पाइप अन दगडाच्या फटीत होता, तेव्हा दिवा लाल झाला अन गेला. आंधळ्यासारखा त्यानं हात ओढला. वर आला तो दोन बोटं खाली ठेवूनच.

दवाखान्यात तो मला म्हणाला, "मासोळी होती ना बे तिच्यावर. म्या डोळ्यानं पाह्यली. एवढं पाहून निवडली अन तिनंच दगा देला. मले समजतच नाही म्हन की यातलं."

मी म्हणालो, "हो चाचा."

एवढंच म्हणालो. त्याच्यासाठी रोज डबा नेला, पट्टी बदलायला नेलं. लोक म्हणायचे, पोट्टा मस्तीखोर आहे पण जीव लावते. चाचानं बॅटरी भंगारात घातली, ड्रम पालथा केला. बोटं नव्हती म्हणून नाही, दम तर तसाच होता. स्वतःच्या पारखीवरचा भरोसा गेला होता. कोणी विहिरीचं सांगायला आलं तर म्हणायचा, "दुसरा पाहा बाबा, माही अक्कल कच्ची हाये."

पाच वर्षांनी तो लेकीकडं अकोल्याला राहायला निघाला. जीपमध्ये बसला अन म्हणाला, "नकल्या, काढ बरं माहा आवाज. मंग कोन काढीन."

साध्या आवाजात मला कधीच जमलं नसतं. मी दम कोंडला अन त्याच्याच आवाजात बोललो, "बॅटरी बराबर होती बे. म्या लग्नाले गेलतो, तई नकल्यानं नेली, गॅदरिंगात खाली केली... अन वरची मासोळीबी त्यानंच काढली."

डायव्हर हसला. चाचा हसला नाही. मला वाटलं, आता कानाखाली बसते. बसावी, असंच वाटत होतं.

"म्हंजे जोहर ते असर," तो हळूच म्हणाला, "ते खरं होतं?"

"खरं होतं चाचा."

"मंग म्या निवडली ते बराबरच निवडली होती."

"हो."

त्यानं मान हलवली. डायव्हरनं जीप चालू केली. चाचा समोर पाहत म्हणाला, "चांगली होती बे ते. अन म्या तिले भंगारात देली."

बोटांचं नाव त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.